तात्यांच्या गाडीची गळती

तात्यांची जीप गॅरेजच्या तोंडाशी येऊन थांबली तेव्हा मी गाडीकडे बघितलंच नाही. आधी खाली जमिनीकडे बघितलं. उजव्या चाकामागे लालसर तेलाचा थेंब पडला. जरा वेळाने दुसरा पडला.

"निजाम," खिडकीतून तात्यांचा आवाज आला, "लेका, परत गळतंय बघ."

"दिसतंय की तात्या. डोळं अजून शाबूत हायत माझं."

"मग हात गेलं म्हनायचं तुझं."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. वैशाखातली दुपार, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालेलं, त्यात रविवार. दोन घास खाऊन पाठ टेकायची असं मी ठरवलं होतं. आणि दारात उभी होती तीच गाडी, तीच गळती, एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा.

तात्या म्हणजे रंगराव सपकाळ. घाटावरच्या वाघणे गावातून खाली आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत त्यांचं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, चालायचं. एसटी वाघण्याला कधी यायची, कधी नाही. तात्यांची जीप मात्र यायचीच; गेल्या थंडीत तात्या तापाने महिनाभर घरी होते, तेवढाच काय तो खाडा. दुधाचे कॅन, कॉलेजच्या पोरी, बाजाराची म्हातारी माणसं, अडलेल्या बायका, सगळं त्या एका गाडीत. साठी उलटली होती, तरी घाटातलं प्रत्येक वळण त्यांना आपल्या अंगणासारखं माहीत. मी गॅरेज टाकलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तेच होते. सगळा स्टँड जुन्या मिस्त्रीकडे जात असताना हा माणूस मुद्दाम माझ्याकडे यायचा आणि चारचौघांत सांगायचा, शिकलगाराच्या पोराचा हात चांगला आहे म्हणून.

आता ही पॉवर स्टेअरिंगची भानगड थोडी सांगायला हवी. ड्रायव्हर चाक फिरवतो तेव्हा त्याच्या हाताच्या मदतीला पंपातून तेलाचा जोर येतो, म्हणून एवढी जड गाडी हलकी वळते. तेल गळून कमी झालं की तो जोर जातो आणि सगळा भार परत मनगटावर येतो. सपाटीला ते चालून जातं. घाटात चालत नाही. त्या उन्हाळ्यात तात्यांची गाडी घाटात दोनदा चुकली होती. एकदा आतल्या बाजूला कड्याला घासली, आणि नंतर एकदा बाहेरच्या कठड्याचे दगड पाडून अर्धं चाक बाहेर लोंबकळत थांबली. गाडीत माणसं होती. तात्यांनी सांगितलं, स्टेअरिंग जड झालं होतं, वळलंच नाही. सगळ्यांनी मान डोलावली, कारण तेल गळत होतं हे साऱ्या स्टँडने बघितलं होतं.

पहिल्या वेळी मी रबरी पाइप बदलला, नव्या क्लिपा मारल्या. दुसऱ्या वेळी स्टेअरिंगच्या बॉक्सजवळच्या जोडातले वायसर बदलले आणि एक अख्खा दिवस गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. कागद कोरडा. तरी चार दिवसांनी तात्या हजर. तेल गळत नव्हतं, पण म्हणाले, जडच आहे. मी म्हटलं हवा राहिली असेल, पुन्हा हवा काढून दिली. आणि आता ही तिसरी गळती.

त्या दुसऱ्या वेळी हौसावैनी, म्हणजे तात्यांची बायको, बाजाराची पिशवी घेऊन एकट्याच गॅरेजवर आल्या होत्या. तात्या स्टँडवर होते. "ऱ्हाऊ द्या की निजामभाऊ," त्या म्हणाल्या होत्या, "किती बारी करायचं तेच तेच? नगा करू आता." मला ते फार लागलं. मिस्त्रीला कुणी असं म्हटलं की त्याला एकच ऐकू येतं, की तुला येत नाही. मी तोडून बोललो, "वैनी, गळती काढल्याबगार पाना खाली ठेवनार न्हाई मी." त्या पिशवी उचलून गेल्या.

आज त्या तात्यांबरोबरच आल्या होत्या. मागच्या सीटवरून उतरल्या, माझ्याकडे न बघता बाकावर जाऊन बसल्या आणि पदराने वारा घ्यायला लागल्या.

"उद्या बाजार हाय," तात्या म्हणाले. "सर्जेरावनं सांगितलंय, आज स्टेअरिंग नीट झालं तर उद्याचा नंबर, न्हाईतर नंबर बंद. पाच वाजता येनार हाय तो इचारायला."

सर्जेराव स्टँडचे नंबर लावायचा. कुणाची गाडी कधी सुटायची हे त्याच्या शब्दावर. माणूस वाईट नव्हता, पण कठड्याचे दगड पडल्यापासून त्याचीही झोप उडाली होती.

"पंपच उघडतो आता," मी म्हणालो. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

पंप उतरवायला पाठ मोडली. जुन्या गाडीचा एकेक बोल्ट गंजून बसलेला, हाताला जागा नाही, वरून घामाच्या धारा डोळ्यांत. सील काढलं आणि बरं वाटलं. ते कडक होऊन चिरलेलं होतं, चोर सापडला. मी ते बाहेर आणून तात्यांना दाखवलं.

"हे बगा तुमचं दुखनं."

तात्यांनी ते सील डाव्या हाताच्या तळव्यावर घेतलं आणि केवढा तरी वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. परीक्षेत पास झाल्याचं कुणी सांगावं तसा. "बघ," ते बायकोला म्हणाले, "बघ, मी काय म्हनत हुतो? गाडीतच दोष हुता." हौसावैनींनी सीलकडे बघितलं, मग तात्यांकडे, आणि तोंड फिरवलं.

नवीन सील बसवलं, पंप चढवला, बॉक्सचं खालचं सीलही बदलून टाकलं, सगळे जोड आवळले. साडेचार होत आले असतील. मग गाडी जॅकवर घेऊन पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले. नवीन तेल भरलं की आतली हवा काढावी लागते. एकाने आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून तेलाच्या डबीतले बुडबुडे बघायचे. बुडबुडे थांबले की काम झालं.

"बसा तात्या," मी म्हणालो. "तुमचीच गाडी, तुमीच हवा काढा."

ते आत बसले. मी डबीवर वाकलो.

"उजवीकडं. पार शेवटपर्यंत."

बुडबुडे आले. चाकं हळूहळू वळत होती. मध्येच थांबली, मग पुन्हा वळली.

"थांबू नका तात्या. एका दमात घ्या."

"घेतो की."

"आता डावीकडं."

पुन्हा तसंच. थोडं वळायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. मला चीड यायला लागली होती. पाच वाजता सर्जेराव येणार, आणि हे असं पाळण्याची दोरी ओढल्यासारखं चाललेलं.

"निजाम," आतून आवाज आला. त्यांना धाप लागली होती. "जडच हाय रे अजून."

मी "थांबा, हवा हाय आत" असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. चाकं हवेत होती. खाली रस्ता नव्हता, गाडीचं ओझं नव्हतं. अशा वेळी पॉवर स्टेअरिंग असो वा नसो, शाळेतलं पोरगंसुद्धा ते चाक गरागरा फिरवेल. तिथे जड असायला काही उरलंच नव्हतं.

बॉनेट आणि काचेच्या मधल्या फटीतून मी आत बघितलं. तात्या सगळं काम डाव्या हाताने करत होते. डावा हात चाक ओढायचा, आणि तो हात सोडून पुन्हा पकड घेईपर्यंत उजवं मनगट चाकावर नुसतं दाबून ठेवायचे, काठी टेकवावी तसं. उजव्या हाताची बोटं अर्धवट वाकलेली होती. ती मिटतच नव्हती. कपाळावरून घाम वाहत होता, ओठ घट्ट आवळलेले, आणि नजर समोर, जणू समोर घाट होता.

इतके दिवस मी पाइप बघितले, वायसर बघितले, पंप उघडला. चाकावरच्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला गाडी जड आहे, की मिस्त्री गाडीखाली जातो. आम्हाला दुसरं काही सुचतच नाही.

"तात्या, जरा दम घ्या," मी म्हणालो. "पानी पिऊन येतो."

माठ बाकाच्या पलीकडे होता. मी पेला बुडवला तेव्हा हौसावैनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कळलं न्हवं?"

मी पेला हातात धरून उभा राहिलो.

"थंडीत ताप न्हवता भाऊ. उजवी बाजू गेली हुती. पाय आला परत, हात म्हनावा तसा न्हाई आला. कराडच्या डॉक्टरनं गाडी चालवायची न्हाई म्हनून सांगितलंय. सदऱ्याची बटनं मी लावते सकाळी." त्या गाडीकडे बघत बोलत होत्या, तात्यांना आम्ही पाण्याचंच काही बोलतोय असं वाटावं म्हणून. "ऐकत न्हाईत. म्हनत्यात स्टेअरिंगचा दोष हाय, त्ये नीट झालं की सगळं नीट. तुमी दर बारीला नीट करून देताय, अन् त्ये दर बारीला आशेनं बसत्यात."

"मला आधी सांगायचं की वैनी."

"आले हुते की सांगायला. तुमीच पान्याचं बोलाय लागला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. नुसता थकवा होता, घाटाचा रस्ता रोज जीव मुठीत धरून बघणाऱ्या बाईचा. "उद्या बाजाराला निम्मं गाव बसतंय गाडीत," त्या म्हणाल्या. "मी बी बसनार. पडलीच खाली तर संगं पडू."

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. सर्जेराव. बरोबर स्टँडवरचे आणखी दोघे ड्रायव्हर मागे बसून आलेले.

"काय मिस्त्री, झालं का? का ह्या बारीला गाडीला लंगोट बांधून देनार?"

ते दोघे हसले. तात्याही हसले, गाडीतूनच. उजवा हात त्यांनी खाली मांडीवर घेतला होता.

सर्जेरावाला बाजूला घेऊन खरं सांगावं, असं माझ्या मनात आलं. तेच सरळ होतं. पण मला बापू ढेबे आठवला. बापूही याच स्टँडचा. त्याचे डोळे अधू झाले, हे कुणीतरी बोललं आणि दोन दिवसांत सगळीकडे झालं. मग बापूने पूर्वी कुठे कुत्रं उडवलं, कुठे चुकीच्या वळणावर ओव्हरटेक केलं, सगळं उकरून निघालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकाही प्रवाशाला खरचटू दिलं नव्हतं, त्याला पोरं 'आंधळा बापू' म्हणायला लागली. तो बाजाराला यायचा तर स्टँड टाळून मागच्या ओढ्याने यायचा. आमच्याकडे असंच होतं. गाडी थकली तर स्टँड तिच्यापुढे नारळ फोडतो, ड्रायव्हरला पहिला चहा देतो, तो म्हातारा होऊन बाकावर बसला तरी नव्या पोरांनी त्याला विचारल्याशिवाय घाटाबद्दल बोलायचं नाही. ड्रायव्हर थकला तर त्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

"जरा थांब सर्जेराव," मी म्हणालो. "शेवटचं बगून घेतो."

मी पाना घेतला आणि गाडीखाली सरकलो.

वर बघितलं. सगळं कोरडं होतं. पुसून स्वच्छ केलेला बॉक्स, नवा पाइप, जोडावर तेलाचा ओलावासुद्धा नाही. इतकं नेटकं काम त्या उन्हाळ्यात माझ्या हातून दुसरं झालं नव्हतं. स्वतः आवळलेला नट मी कधी कामाशिवाय सैल केला नव्हता. माझा उस्ताद त्यावरून मारायचा. आता सैल केला तर ते तिघे संध्याकाळपर्यंत साऱ्या तालुक्यात सांगणार होते, की निजामला एक साधी गळती तीन खेपेत काढता आली नाही. मला रडू आलं, खरंच आलं. तात्यांचं वाईट वाटत होतं की माझ्या कामाचं, हे त्या वेळी तरी मला सांगता आलं नसतं.

"तात्या, इंजन चालू करा," मी खालून ओरडलो.

इंजिन सुरू झालं. मी बॉक्सजवळच्या जोडाला पाना लावला आणि जोर दिला. घट्ट आवळलेला नट पहिल्यांदा सुटतो तेव्हा कट्कन एक आवाज होतो. इंजिन चालू असलं तरी ज्याने गाडीवर जन्म काढलाय त्याला तो आवाज ओळखू येतो. मी आणखी थोडा फिरवला. तेल आधी झिरपलं, मग धार लागून खालच्या पुठ्ठ्यावर पडायला लागलं, नवं, लालभडक.

"बंद करा," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

सर्जेराव वाकून बघत होता. "आयला. ही तर पैल्यापरास जास्त गळतीय."

"बॉक्सच गेलाय आतनं," मी म्हणालो. "ह्याचं सामान आता येत न्हाई. माझ्याकडनं होनार न्हाई हे."

"तीन खेपा केल्यास अन् आता सांगतोयस व्हय? कसला मिस्त्री रं तू?"

"न्हाई जमलं. काय करनार?"

त्या दोन ड्रायव्हरांपैकी एकजण म्हणाला, "कराडला न्या तात्या. मोठं गॅरेज हाय तिथं. एका दिसात करून देत्यात."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कराडला नेली असती तर कुणीही दोन मिनिटांत नट आवळून दिला असता, आणि परवा गाडी परत घाटात. मी तात्यांकडे बघितलं. हौसावैनी बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा वारा घेणारा हात थांबला होता.

तात्या गाडीतून उतरले. दाराला डाव्या हाताने धरून, आधी एक पाय, मग दुसरा. पुठ्ठ्यावरच्या तेलाकडे त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पाना होता, तो कुठे ठेवावा ते मला कळेना. तात्या त्या पान्याकडे बघत राहिले.

"कराडला नगं," तात्या म्हणाले. "ज्या हातानं जल्मभर केली, त्या हाताला जमंना तर दुसऱ्याच्यात नेऊन काय करायचं? सर्जेराव, माझा नंबर दे कुनाला तरी. गाडी थकली."

"आवो पर तात्या..."

"थकली म्हनलं न्हवं? लई पळाली. किती पळवायची अजून?"

सर्जेरावाने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मग तो पुढे होऊन तात्यांच्या पाया पडला, आणि त्याच्या मागे ते दोघेही. "उद्या सकाळी स्टँडवर या तात्या," तो म्हणाला. "नारळ तुमच्याच हातानं. चहा आमचा." जाताना माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली, वाया गेलेल्या माणसाकडे बघून हलवावी तशी. मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली.

हौसावैनी बाकावर पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. गाडीखाली टपटप चालूच होती.

तात्या माझ्याजवळ आले. उजवा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. हात जड होता आणि त्यात पकड नव्हती.

"निजाम," ते म्हणाले, "तेवढा नट घट्ट कर आता. तेल वाया चाललंय."

मी पाना घेऊन पुन्हा गाडीखाली गेलो. नट आवळून झाला तरी बराच वेळ बाहेर आलो नाही.